एकवीस दिवसांची ऐपत



शेंदूरजनाघाट हे गाव साऱ्या महाराष्ट्राला संत्र्याच्या कलमांसाठी ठाऊक आहे. वरुड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेल्या या गावच्या पन्हेऱ्यांतून दरवर्षी लक्षावधी कलमे बाहेर जातात. गावाची कर्जे, गावाची लग्ने आणि गावाचे राजकारण ही सारी संत्र्याभोवती फिरतात. अशा गावी, संत्र्याचे व्यापारी आंबिया बहराच्या बागा पाहत हिंडत असण्याच्या दिवसांत, कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कोंबडीच्या अंड्यांवर भाषण व्हावे, याचे काहींना नवल वाटेल आणि काहींना हसूही येईल. कापसाचा भाव, संत्र्याची फळगळ, खोल गेलेले भूजल हे प्रश्न उभे असताना हा विषय कोठून काढला, असा प्रश्न विचारला जाईल. तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भाषणाच्या अखेरीस आपोआप मिळावे, अशी अपेक्षा आहे.

पन्हेरीत पिशव्या भरणारी, माती चाळणारी, निंदण करणारी बाई बहुधा भूमिहीन असते. तिच्या घरी संत्र्याचे झाड नसते. असल्याच तर घरामागे पाच-सात कोंबड्या असतात. घरातील गाय किंवा बैल पुरुषाच्या नावाने ओळखला जातो, शेळीवर दोघांचा हक्क चालतो. कोंबडी मात्र बाईची. तिचे अंडे विकून आलेला पैसा नवऱ्याला विचारल्यावाचून खर्च करता येतो. मुलाची वही, तेलाची पिशवी, दवाखान्याची एखादी गोळी हे सारे त्या पैशातून होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या उत्पन्नाला ‘पूरक’ म्हणण्याची रीत आहे. परंतु ज्या घरात मजुरी आठवड्यातून चारच दिवस मिळते, त्या घरात उरलेल्या तीन दिवसांना पूरक म्हणता येत नाही.

कळप का मोडतो

परसातील कोंबड्यांचा कळप वर्षभर सारख्या संख्येने राहत नाही. तो वाढतो आणि मोडतो, आणि पुष्कळदा एका वर्षात साराच्या सारा मोडतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मानमोडी येते. पशुवैद्यकात या रोगाला राणीखेत म्हणतात. कुमाऊँतील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला म्हणून त्याला ते नाव पडले; त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडातील न्यूकॅसल येथे तोच रोग नोंदला गेला होता आणि जगभर तो त्या नावाने ओळखला जातो. रोग झालेल्या पक्ष्याची मान पिळवटते, हिरवट हगवण लागते आणि लस नसलेला कळप चार-आठ दिवसांत रिकामा होतो. त्यावर औषध नाही. लस मात्र आहे. यातून जे उरते त्याला पावसाळ्याची ओल बाधते. ओल्या खुराड्यात पिलांना रक्ती हगवण लागते. मुंगूस, बोका आणि घार यांचा वाटा निराळाच. पुढे पोळा येतो, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर असते. श्रावणभर जे घर मांसाला शिवले नाही, त्या घरी करीच्या दिवशी कोंबडा कापला जातो.

अशा रीतीने आश्विन लागतो तेव्हा अनेक घरांत एक-दोन कोंबड्या उरलेल्या असतात. कोंबडा असतो किंवा नसतो. नेमक्या त्याच वेळी दिवाळी जवळ आलेली असते. अंडी थोडी निघतात, कारण पावसाळ्यानंतर जुन्या कोंबड्या पिसे टाकतात आणि दिवस लहान होऊ लागल्याने त्यांचे अंडी घालणे मंदावते. अंडी थोडी म्हणून भाव बरा असतो. मुले अंडे मागत असतात आणि दुकानदार उधारी मागत असतो. त्या बाईपुढे प्रश्न एवढाच असतो, की ही अंडी विकावी, खावी की कोंबडीखाली ठेवावी? कळप पुन्हा उभा राहणार की नाही, हे त्या आठवड्यातील तिच्या उत्तरावर ठरते.

आश्विनातच का

कोंबडी वर्षातून तीन-चार वेळा खुडूक होते. मग आश्विन-कार्तिकातील उबवणीवर एवढा भर का द्यावा? याची कारणे साधी आहेत आणि गावातील वृद्ध स्त्रियांना ती कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक आहेत.

पावसाळ्यात काढलेली पिले ओलीने जातात. फाल्गुन-चैत्रात काढलेली पिले कोवळी असतानाच वऱ्हाडचे ऊन तापते आणि मानमोडीही त्याच सुमारास येते. आश्विन-कार्तिकात अंड्यातून निघालेल्या पिलाला मात्र चार-साडेचार महिने कोरडी हवा मिळते. सोयाबीन निघालेले असते, पुढे ज्वारी निघते. खळ्यावर आणि वावरात सांडलेला दाणा असतो, कुटाराच्या ढिगात किडे असतात. पिलाच्या वाढीला प्रथिने लागतात आणि ती या दिवसांत फुकट मिळतात. उन्हाळा येईतो पिलू मोठे झालेले असते आणि, लस टोचली असेल तर, मानमोडीला तोंड देण्यास सिद्ध झालेले असते. थंड देशांत शरदात पिले काढणे अवघड समजतात, कारण तेथे हिवाळ्याचा दिवस फार लहान असतो. लंडनला डिसेंबरातील दिवस आठ तासांहूनही लहान होतो. शेंदूरजनाघाट साडेएकवीस अक्षांशाच्या आसपास आहे. येथे वर्षातील सर्वांत लहान दिवससुद्धा पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. पिलाला चरायला तेवढा वेळ पुरतो. अडचण फक्त रात्रीच्या थंडीची असते, आणि ती निवारायला आई असते.

उबवणीची रीतही येथे सांगून ठेवली पाहिजे, कारण कार्यकर्त्याला काम माहीत नसेल तर त्याच्या सहानुभूतीचा उपयोग नाही. अंडी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली घ्यावी. ती धुऊ नयेत, कारण धुतल्याने कवचावरचे संरक्षक आवरण जाते. अंडे आठवड्याहून जुने नसावे. ऑक्टोबरातील दुपारी पारा तिशीच्या वर जातो. अशा उबेत उघड्यावर ठेवलेल्या अंड्यातील जीव अर्धवट वाढू लागतो आणि कोंबडीखाली जाण्यापूर्वीच मरतो. म्हणून अंडी सावलीत, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, रुंद टोक वर करून ठेवावी. कोंबडी खरोखर खुडूक झाली आहे याची एक-दोन दिवस खात्री करून मग तिला सांजवेळी बसवावे. डाल्यात तळाशी राख, वर कोरडे कुटार आणि कडुलिंबाचा पाला घातला म्हणजे उवा होत नाहीत. देशी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. अधिक ठेवली तर कडेची थंड पडतात. दाणा-पाणी जवळच असावे, कारण ती दिवसातून एकदाच, थोड्या वेळापुरती उठते.

सातव्या रात्री अंधारात अंड्याखाली विजेरी किंवा मोबाइलचा दिवा धरावा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबूस शिरा दिसल्या तर अंडे सजीव आहे. आरपार स्वच्छ दिसले तर ते फळलेले नाही, आणि ते काढून टाकावे. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात. जे पिलू अडले आहे त्याचे कवच फोडण्याची घाई करू नये. पुढचे तीन-चार आठवडे हे खऱ्या कसोटीचे असतात. मुंगूस आणि घार याच काळात कळपाचा अर्धा हिस्सा नेतात. आईसह पिलांना डाल्याखाली राखले, ज्वारीची भरड आणि तांदळाची कणी जागच्या जागी दिली आणि पाणी उथळ भांड्यात ठेवले, तर मरतूक निम्म्याने कमी करता येते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान राणीखेतची दुसरी लस टोचून द्यावयाची. एवढे केले म्हणजे मानमोडीचे भय पुष्कळ कमी होते.

दोन शेजारणींच्या कोंबड्या एकाच संध्याकाळी बसवल्या तर आणखी एक लाभ होतो. दोघींची पिले थोडी निघाली तर ती सारी एकाच कोंबडीच्या स्वाधीन करता येतात, आणि दुसरी कोंबडी लवकर मोकळी होऊन पुन्हा अंड्यावर येते. एकटीला जो तोटा होतो, तो दोघींनी मिळून टाळता येतो, याचे हे पहिले उदाहरण. पुढे याहून मोठे उदाहरण येईल.

हिशेब

आता थोडा हिशेब मांडू. हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, पाहणीतून आलेले नाहीत. समजा, एका बाईजवळ दोन कोंबड्या उरल्या आणि शेजारचा कोंबडा कळपात फिरतो. दोघींखाली मिळून २४ अंडी ठेवली. त्यांतून १८ पिले निघाली. राखण नीट झाली तर १४ जगली. नाही झाली तर सात-आठ. १४ पैकी निम्मे नर धरले तर सात कोंबडे आणि सात तलंगा. पाच महिन्यांत, म्हणजे शिमग्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, कोंबडे विक्रीला येतात. तलंगा सहा-सात महिन्यांत अंड्यावर येतात. पुढील आश्विनात त्या बाईजवळ दोहोंच्या जागी आठ-नऊ कोंबड्या असतात. एका वर्षात, एकाही पिलाची खरेदी न करता, कळप पुन्हा उभा राहिलेला असतो.

यासाठी तिने काय सोडले? चोवीस अंडी. अंड्याला दहा रुपये भाव धरला तर २४० रुपये. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे साऱ्या कळपाची किंमत एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी! आणि तरीही हा कळप वर्षानुवर्षे उभा राहत नाही. का राहत नाही? बाईला अक्कल नाही म्हणून? तिला उबवणी येत नाही म्हणून? उबवणी तिला येथे जमलेल्या सर्वांहून अधिक चांगली येते. तिच्याजवळ नसते ती वाट पाहण्याची ऐपत.

एकोणिसाव्या शतकात नासाऊ सीनिअर या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की भांडवलदाराचा नफा हे त्याच्या संयमाचे पारितोषिक आहे. तो आपले धन उपभोगत नाही, राखून ठेवतो, म्हणून त्याला नफा मिळतो. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात या सिद्धांताची यथेच्छ टिंगल केली. पुढे आल्फ्रेड मार्शल याने ‘संयम’ हा शब्द बाजूला ठेवून ‘वाट पाहणे’ असा सौम्य शब्द वापरला, कारण श्रीमंताचा संयम ही हास्यास्पद वस्तू आहे, हे त्यालाही कळत होते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याला वाट पाहण्यात कष्ट नसतात. खरा संयम पाहावयाचा असेल तर तो शेंदूरजनाघाटच्या एखाद्या वस्तीत पाहावा. दिवाळीच्या तोंडावर, घरात तेल नसताना, डाल्याखालची बारा अंडी न विकता जी बाई एकवीस दिवस काढते, तिचा संयम कोणत्याही भागधारकाच्या संयमाहून मोठा आहे. त्यावर तिला व्याज मिळत नाही. उलट त्या एकवीस दिवसांत उधारीवर तेल घेतले, तर व्याज तिलाच द्यावे लागते.

याच गावात वाट पाहण्याची दुसरी एक रीत डोळ्यांपुढे आहे. जंबेरीचे बी पेरल्यापासून रोप वाढवून, त्यावर डोळा भरून, कलम विक्रीला येईपर्यंत दोन वर्षांच्या आसपास काळ जातो. बागेत लावलेल्या कलमाला फळ धरण्यास आणखी चार-पाच वर्षे लागतात. इतका काळ पन्हेरीवाला आणि बागाईतदार थांबतात, कारण त्यांच्यामागे जमीन असते, सोसायटीचे पीककर्ज असते, बँकेची पत असते. त्या पतीविषयी तक्रार नाही. ती हवीच, आणि लहान बागाईतदाराला ती पुरेशी मिळत नाही, हे खरेच आहे. प्रश्न इतकाच आहे, की ज्या गावाला कलमासाठी दोन वर्षे थांबण्याची व्यवस्था करता आली, त्या गावाला कलमाची पिशवी भरणाऱ्या बाईसाठी एकवीस दिवस थांबण्याची व्यवस्था का करता आली नाही?

तिला कर्ज मिळत नाही असे नाही. आज वस्तीवस्तीत छोट्या कर्जाच्या कंपन्यांचे वसुलीदार फिरतात. परंतु त्या कर्जाचा हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला द्यावा लागतो. खुडूक कोंबडी हप्त्याच्या वाराला अंडे देत नाही. ज्या उत्पादनाचे चक्र सहा महिन्यांचे आहे, त्याला सात दिवसांच्या हप्त्याचे कर्ज जोडले, की अंडी डाल्यातून काढून बाजारात न्यावी लागतात. अशा कर्जाने कळप वाढत नाही, तो हप्त्याहप्त्याने खाल्ला जातो.

पिले वाटून भागेल काय

यावर शासनाचे उत्तर ठरलेले असते: पिले वाटा. महाराष्ट्रात पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची पिले योजनांतून वाटली जातात. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने या जाती परसासाठीच तयार केल्या, आणि त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घालते. सुधारित कोंबडी शंभराहून अधिक घालते. तिचे वजनही लवकर वाढते. ज्या घरात मुलांना अंडे मिळत नाही त्या घरासाठी ही लहानसहान गोष्ट नाही.

परंतु या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. अंडी अधिक मिळावी म्हणून निवड करताना खुडूक होण्याचा गुण मागे पडला, कारण जी कोंबडी अंड्यांवर बसते ती तेवढे दिवस अंडी घालत नाही. शिवाय त्या संकरित असल्याने त्यांच्या पिलांत आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणजे दोन वर्षांनी कळप म्हातारा झाला, की बाईला पुन्हा पिले आणावी लागतात. योजनेत नाव लागले तर खात्याकडून, नाही तर व्यापाऱ्याकडून. देशी कोंबडी कमी अंडी देते हे खरे, पण ती आपला कळप आपणच उभा करते. उत्पादनाचे साधन कोणाच्या हाती राहते, हा समाजवादाचा जुना प्रश्न येथे एका डाल्याएवढ्या जागेत मांडलेला आहे.

मोठ्या प्रमाणावर हा प्रश्न कसा सुटतो, हे करारावर चालणाऱ्या पोल्ट्रीत दिसते. पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याची फक्त शेड, वीज आणि मेहनत. पक्षी तयार झाला की किलोमागे ठरलेला मेहनताना त्याच्या हाती पडतो. पिलू मात्र शेवटपर्यंत त्याचे होत नाही. परसातील कळपाची तशी अवस्था होऊ द्यावयाची नसेल, तर दर कळपात दोन-तीन तरी खुडूक होणाऱ्या देशी कोंबड्या राखल्या पाहिजेत. सुधारित जातीची उबवणुकीची अंडी मिळाली तर ती त्यांच्याखाली ठेवावी. दोहोंत वैर मानण्याचे कारण नाही.

परसातील कोंबडी ही मागासलेल्या काळाची खूण असून ती आपोआप नाहीशी होईल, असे मानणाऱ्यांनी २०१९ ची विसावी पशुगणना पाहावी. देशातील एकूण ८५ कोटी १८ लाख कुक्कुटपक्ष्यांपैकी ३१ कोटी ७० लाख परसातील होते. २०१२ नंतरच्या सात वर्षांत परसातील पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले, तर व्यापारी पोल्ट्रीतील पक्षी अवघे साडेचार टक्क्यांनी.

मोजदादीत न येणारे

कळप एकाच दिवशी मोडतो तेव्हा समाजाची व्यवस्था कशी वागते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूची पहिली लागण सिद्ध झाली. ती मोठ्या पोल्ट्रींत होती. पुढच्याच महिन्यात ती जळगाव जिल्ह्यात हातेड, साळवे, सावदा, मारूळ या गावांतील परसातल्या कोंबड्यांत निघाली. ज्या सातपुड्याच्या पायथ्याशी शेंदूरजनाघाट आहे, त्याच डोंगराच्या पश्चिमेकडील पायथ्याशी यांतील काही गावे आहेत. कित्येक किलोमीटरच्या परिघातील घरोघरच्या कोंबड्या पथकांनी गोळा करून मारल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि त्यानंतर आणखी काही जिल्ह्यांत तेच घडले. त्याच वर्षी नवापूरवर पुन्हा पाळी आली. माणसाच्या जिवाला धोका असलेल्या रोगात पक्षी मारावे लागतात, याविषयी वाद नाही. मेलेले पक्षी लपवू नयेत, हाताळू नयेत, तत्काळ खात्याला कळवावे, हे कार्यकर्त्याने घरोघर सांगितलेच पाहिजे.

वाद आहे तो भरपाईच्या हिशेबाविषयी. २०२१ साली महाराष्ट्रात आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, त्याहून लहान पक्ष्याला २० रुपये आणि नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये असे दर होते. गावच्या बाजारात देशी कोंबडी त्याच्या कितीतरी पट भावाने विकली जात होती. परंतु भावाहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तीन रुपये हा खाण्याच्या अंड्याचा भाव आहे. कोंबडीखाली अठरा दिवस उबलेले अंडे हे खाण्याचे अंडे राहिलेले नसते. ते पुढच्या वर्षीच्या कळपाचा भाग झालेले असते. पथकाच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नसतो. बाईने आधीच सोसलेल्या संयमाची किंमत शून्य धरली जाते. शिवाय निर्जंतुकीकरण आणि देखरेखीचा काळ संपेपर्यंत नवे पक्षी ठेवता येत नाहीत. त्या काळात उबवणीचा हंगाम निघून गेला, तर कळप आणखी एक वर्ष मागे पडतो. भरपाईची मागणी करताना कार्यकर्त्यांनी केवळ दर वाढवून मागू नये. उबवणीवरील अंडी आणि रिकामे गेलेले महिने हेही हिशेबात धरावे, अशी मागणी केली पाहिजे.

शंभर मात्रांची कुपी

आता त्या मोठ्या उदाहरणाकडे वळू. राणीखेतच्या लशीची कुपी सहसा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा द्रावण केले, की दोन-एक तासांत संपवावी लागते. जिच्याजवळ चौदा पिले आहेत तिने ती कुपी आणली तर सहा-सातपट लस वाया जाते; म्हणून ती आणत नाही, आणि तिचा कळप वैशाखात मरतो. लस महाग नसते, फक्त ती एकटीच्या मापाची नसते. आठ घरांची पिले एकाच आठवड्यात निघाली असतील तर तीच कुपी पुरेपूर वापरली जाते आणि पिलामागे खर्च काही पैशांवर येतो.

सहकाराचा पाया केवळ सद्भावनेवर घालता येत नाही; त्याला असा भौतिक आधार लागतो. येथे तो तयार आहे. कुपी आठ घरांची असते. एक कोंबडा आठ-दहा कोंबड्यांना पुरतो, आणि तो दरवर्षी दुसऱ्या वस्तीतून बदलून आणला तर कळपात सगोत्र संकर होत नाही. मात्र आणलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून मगच कळपात सोडावा. एक खुडूक कोंबडी दोघींची पिले वाढवते. बाजारात सात कोंबडे घेऊन गेलेल्या एकटीला व्यापारी भाव सांगतो. पन्नास कोंबड्यांच्या वेळी तो भाव विचारतो. मोठमोठ्या पोल्ट्रीवाल्यांनासुद्धा दलालांच्या भावाविरुद्ध एकत्र यावे लागले आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. जे लक्षाधीशांना एकट्याने जमले नाही ते भूमिहीन बाईने एकटीने करावे, अशी अपेक्षा कशी ठेवावी? वरुडहून मुलताई आणि बैतूल ओलांडून गेले, की सातपुड्याच्या पलीकडे केसला येथे आदिवासी स्त्रियांची कुक्कुटपालन सहकारी संस्था आहे. प्रदान या स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने ती उभी राहिली. तेथील पक्षी मांसल जातीचे आहेत आणि पिले उबवणी केंद्रातून येतात, त्यामुळे ते उदाहरण जसेच्या तसे येथे लागू होत नाही. परंतु ज्यांच्याजवळ जमीन नाही आणि शिक्षण नाही, त्या स्त्रिया खाद्य, औषध आणि बाजार ही तिन्ही कामे संघटितपणे चालवू शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले आहे.

तेव्हा या आश्विनात करावयाचे काम लहान आणि स्पष्ट आहे. एका वस्तीत आठ-दहा स्त्रियांचा गट करावा. प्रत्येकीने डाल्याखाली जितकी अंडी ठेवली, तितक्यांची बाजारभावाने होणारी रक्कम गटाच्या निधीतून तिला उचल म्हणून द्यावी. ‘उचल’ हा शब्द या भागातील मजुराला फार कडू आहे. ठेकेदाराची उचल माणसाला बांधून ठेवते. ही उचल बिनव्याजी असावी आणि तिची फेड शिमग्यानंतर, पहिला कोंबडा विकला गेल्यावर व्हावी. दहा जणींचा निधी अडीच हजारांच्या आसपास होतो. तेवढी रक्कम एखाद्या सभेच्या मंडपावर खर्च होते. पिले गेली तर उचल माफ व्हावी. तो तोटा गटाने वाटून घ्यावा. उबवणी एकाच आठवड्यात बसवावी, सातव्या रात्री अंडी सर्वांनी मिळून पाहावी आणि लशीची तारीख आधीच ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावी. ठरलेल्या दिवशी लस मिळाली नाही, तर तेथून चळवळीचे काम सुरू होते. वेळेवर लस हा उपकार नसून हक्क आहे, हे दहा बायका दवाखान्याच्या दारात उभ्या राहिल्या म्हणजे लवकर समजते.

या कामाने जमिनीचा प्रश्न सुटणार नाही, मजुरीचा दर वाढणार नाही, आणि तसा आव कोणी आणू नये. कोंबडी पाळून दारिद्र्य हटते असे सांगणारे योजनांचे प्रचारक पुष्कळ आहेत. त्यांच्या रांगेत जाऊन बसण्याचे कारण नाही. परंतु जिला एकवीस दिवस थांबण्याची ऐपत नाही, ती मजुरीसाठी एक दिवसही संप करू शकत नाही, हेही चळवळीच्या अनुभवाचे बोल आहेत. पन्हेरीतील मजुरीचा दर वाढवून मागावयाचा असेल, तर मागणाऱ्या हातांमागे चार दिवसांचा आधार लागतो. तो आधार भाषणांनी येत नाही. घरामागे आठ-नऊ कोंबड्या असल्या, तर थोडाबहुत येतो.

कोजागिरीपूर्वी खुडूक कोंबड्यांची वस्तीवार यादी करावी. कोणाच्या घरी कोंबडा उरला आहे, हेही त्याच वहीत लिहून घ्यावे.